खिडकीजवळच्या टेबलासाठी हेडफोन

वडशात नाटक कंपन्यांची कार्यालये ज्या रस्त्याला ओळीने लागतात, त्याच रस्त्यावरच्या एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर मी कामाला होतो. काम फोनचे होते. डोळ्यांच्या एका धर्मादाय दवाखान्याच्या वतीने गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या गावांत फोन लावायचे, मोतीबिंदू निघालेल्या म्हाताऱ्या माणसांना शस्त्रक्रियेची तारीख सांगायची, सोबत कोण येणार ते विचारायचे, आणि ती माणसे घरातून खरोखर निघतील असे बोलायचे. दवाखाना हे काम स्वतः करत नव्हता. त्याने ते पुण्याच्या एका कंपनीला दिले होते. कंपनीने वडशात एक हॉल भाड्याने घेतला, त्यात सात मुली बसवल्या, एक सुपरवायझर नेमला आणि झालेले कॉल ऐकून गुण देण्यासाठी मला घेतले. वर्तमानपत्राच्या डेस्कवर बरीच वर्षे दुसऱ्यांचे लिहिलेले तपासल्यावर दुसऱ्यांचे बोललेले तपासणे जमण्यासारखे होते.

सातांपैकी एक मुलगी कुरखेड्याच्या बाजूची. वडशात खोली करून राहत होती. तिचे टेबल खिडकीजवळ होते. कामावर लागून तिला दोन महिने झाले होते. तिसरा संपला की कंपनी तिला कायम करणार होती किंवा घरी पाठवणार होती. घरी म्हणजे गावी. धानाची रोवणी आणि तेंदूपत्त्याचे दिवस सोडले तर गावात तिच्यासाठी काम नव्हते, तिच्यासारख्या शिकलेल्या कुणासाठीच नव्हते. आणि पुण्याहून तिच्या कॉलवर रोज एकच शेरा येत होता: पार्श्वभूमीत आवाज. मी दिलेले गुण पुण्यात पुन्हा तपासले जात आणि या एका शेऱ्यावर कॉल नापास होई.

आवाज होता, हे खरे. तो कशाचा होता आणि त्याला जबाबदार कोण, हे पुण्यात कुणी विचारले नाही.

दिवाळी झाली की गावोगावच्या मंडळांची माणसे वडशात येतात. मंडईला, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेला, किंवा शंकरपटाला, म्हणजे बैलांच्या शर्यतीला, गावात नाटक लावायचे असते, ते ठरवायला. कार्यालयाबाहेर रंगीत फलक टांगलेले असतात, पण फलक पाहून कुणी नाटक ठरवत नाही. माणसे आवाज पाहतात. कमिटीतली दोन-तीन माणसे आत बसून बोलणी करतात आणि एखादा वयस्कर माणूस रस्ता ओलांडून पलीकडच्या पानठेल्याजवळ जाऊन उभा राहतो. मग कंपनीचा नट कार्यालयाच्या पायरीवर येतो आणि माईकशिवाय एखादा उतारा म्हणतो. पलीकडच्या माणसाने मान हलवली तर बोलणी पुढे सरकतात. हात कानामागे नेला तर नट पुन्हा म्हणतो, आणखी वरच्या पट्टीत. आमची खिडकी त्या पायरीच्या बरोबर वर होती.

तेव्हा एखादा कॉल असा जाई. मी तो टेपवर ऐकलेला आहे, म्हणून आठवणीवर विसंबून लिहीत नाही.

"हालो, आजोबा, मी डोळ्याच्या दवाखान्यातून बोलून राह्यली. तुमची तारीख मंगळवारची आली."

खालून खलनायक हसला. ते हसू साधे नव्हते. रस्त्यापलीकडे पोचवायचे हसू होते.

"कोन हासून राह्यला वं बाई तिकडं?"

"नाटकवाले होत आजोबा. खाली हायेत. तुमी मंगळवारले येता ना?"

"कोनतं नाटक होय?"

"मले का माहीत? सोबत कोन येते तुमच्या?"

"पोरगा येते. पन आवाज खंगरा हाय त्या बुवाचा, दमदार. इचारून सांग ना, कोनती कंपनी होय ते. आमच्या गावाले अजून ठरलं नाई."

"आजोबा, आधी डोळा करून घ्या. मंग नाटक दिसन तरी."

म्हातारा मोठ्याने हसला आणि मंगळवारी येतो म्हणाला. तो आला. दवाखान्यात पोचल्यावर त्याचे नाव आमच्याकडे नोंदले गेले. कॉल मात्र नापास झाला. आमच्या गुणपत्रकात आवाज, भाषा, नम्रता, माहिती असे रकाने होते. रुग्ण आला की नाही, यासाठी रकाना नव्हता. तो असावा असे मी पुण्याला दोनदा लिहिले. पहिल्या पत्राला उत्तर आले नाही, दुसऱ्याला सूचनेबद्दल आभार आले.

टेबल हलवणे हा सरळ उपाय होता. सुपरवायझरने तो मान्यही केला, पण हलवले नाही. कोण कुठे बसते याचा नकाशा पुण्याहून मंजूर होऊन आलेला होता आणि भिंतीवरचा कॅमेरा त्या नकाशाप्रमाणे लावलेला होता. खिडकी बंद करून पाहिली. तिची एक काच फुटलेली होती. तिथे पुठ्ठा लावला. खलनायक पुठ्ठ्यातून आला.

मी खाली जाऊन नाटक कंपनीच्या व्यवस्थापकाला भेटलो. तो पन्नाशीचा, गळ्यात मफलर, समोर चहाचे चार रिकामे कप.

"भाऊ, आमाले समजते," तो म्हणाला. "पन चार महिन्याचा धंदा हाय. मानूस रस्त्यापलीकडं उभा हाय, त्याले कानात जाऊन सांगू का मी नाटक?"

"पायरीऐवजी आतून म्हटले तर?"

"आतून म्हनलं तं तो म्हनन, यांचा आवाज घरातल्या घरात हाय." मग त्याने थोडा विचार केला. "तुमच्या पोरी जेवाले कधी बसतात? त्या टायमाले आमी नाई करत. बाकी नाई जमत, रागावू नका."

मी रागावलो नाही. तो ज्या कामासाठी रस्त्यावर बसला होता ते काम करत होता, आणि आमच्या हॉलच्या आधीपासून करत होता. हॉल कुठे घ्यायचा हे कंपनीने ठरवले होते. भाडे कमी म्हणून या रस्त्यावर घेतला, उन्हाळ्यात येऊन पाहिला, तेव्हा रस्ता शांत होता. हिवाळ्यात इथे काय असते हे वडशातल्या कुठल्याही माणसाने सांगितले असते. विचारले गेले नाही. त्या न विचारण्याचा भुर्दंड सगळ्यांत नव्या मुलीच्या नावावर पडत होता.

मग पुण्याहून सूचना आली: संबंधित कर्मचाऱ्याने नॉइज कॅन्सलेशन असलेला चांगला वायरलेस हेडफोन वापरावा. वायरलेस असण्याला कारण होते. फोनवरच्या माणसाचा पहिला प्रश्न बहुधा एसटीचा असतो, आणि एसटीच्या वेळा हॉलच्या दुसऱ्या टोकाला फळ्यावर लिहिलेल्या असत. मुली बोलता बोलता उठून फळ्यापर्यंत जात. वायरचा हेडफोन असला की कुणाची तरी वायर खुर्चीच्या चाकात अडके आणि फोन सुटे. तेव्हा सूचना चूक नव्हती, अर्धी होती. उरलेला अर्धा भाग असा की हेडफोन ज्याचा त्याने आणायचा. करारात तशी अट आहे, असे सुपरवायझर म्हणाला. मी करार पाहिला. अट होती. हॉल नाटकवाल्यांच्या डोक्यावर घेतला जाईल, हे करारात नव्हते.

मुलीने वडशातल्याच दुकानातून हेडफोन घेतला. दोन्ही कान पूर्ण झाकणारा, मोठा, काळा. खोक्यावर नॉइज कॅन्सलेशन ही अक्षरे कंपनीच्या नावापेक्षा ठळक होती. दुकानदाराने तिला सांगितले होते, "बाई, कानाशी ढोल वाजला तरी तुमाले समजनार नाई." आठवड्याच्या पगाराहून जास्त पैसे गेले. दुसऱ्या दिवशी तो घालून ती बसली तेव्हा बाकीच्या सहाजणी तिला विमानाची ड्रायव्हर म्हणाल्या.

"कसं वाटते?" एकीने विचारले.

तिला ऐकू आले नाही.

"पाहा," ती दुसरीला म्हणाली, "पैसे वसूल."

त्या आठवड्यात तिचे गुण आणखी घसरले. आधी निम्मे कॉल नापास होत, आता जवळजवळ सगळे. सुपरवायझर हवालदिल झाला, कारण सूचना पुण्याची आणि हेडफोन महाग, म्हणजे चूक मुलीचीच असणार. पुण्याच्या मॅडमनी, ज्या गुणवत्तेच्या प्रमुख होत्या, तेच लिहिले: साधन उपलब्ध असूनही सुधारणा नाही.

मी तिचे आधीचे आणि नंतरचे कॉल एकापाठोपाठ लावून ऐकले. फरक कळायला वेळ लागला नाही. आधीच्या कॉलमध्ये ती थांबत असे. खालचा नट श्वास घेऊन सुरुवात करणार हे तिला कळे, तेवढ्यात ती आपले वाक्य संपवे, आणि तो बोलत असताना म्हाताऱ्याला बोलू देई. त्याचे संपले की तारीख सांगे. दोन महिन्यांत हे तिच्या अंगवळणी पडले होते, तिने कुणाला सांगितले नव्हते, तिला स्वतःलाही ते सांगण्यासारखे वाटले नसेल. नव्या हेडफोनमध्ये तिला खालचे काही ऐकू येत नव्हते. ती शांतपणे, न थांबता, नटाच्या आवाजावरच बोलत होती. तारीख आणि किंकाळी एकदम जात होती. पलीकडचे माणूस "काय म्हनलं?" असे चारदा विचारत होते.

हेडफोन खोटा नव्हता. तो आवाज कापत होता, पण घालणाऱ्याच्या कानातला. पलीकडच्याला काय ऐकू जाते हे माईक ठरवतो, आणि माईकचे काम निराळे. खोक्यावर हा फरक कुठेच लिहिलेला नव्हता. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत बॅटरीचे तास होते, गाण्यांच्या दणक्याबद्दल एक ओळ होती, माईकबद्दल 'आहे' एवढेच होते. मी इंटरनेटवरची परीक्षणे पाहिली. बंद खोलीत, एसीखाली बसलेली तरुण माणसे गाणी ऐकून गुण देत होती. फोनवर बोलून पोट भरणाऱ्या माणसासाठी कुणी दोन मिनिटेही खर्च केली नव्हती. एकाने माईक तपासला होता, तोही स्वतःच्या शांत खोलीत.

ती आणि मी हेडफोन घेऊन दुकानात गेलो.

"खोका फुटला भाऊ," दुकानदार म्हणाला. "फुटलेला खोका कंपनी परत नाई घेत."

"खोका न फोडता माईक कसा पाहायचा?"

"माईक कोन पाहाते? लोक गाने आयकतात."

"हिने काय काम आहे ते तुम्हाला सांगितले होते."

"सांगतलं होतं ना. म्हून तं चांगला देल्ला." त्याच्या आवाजात लबाडी नव्हती. हे जास्त चीड आणणारे होते. त्याला खरोखर वाटत होते की त्याने चांगला माल दिला. खोक्याने त्यालाही तेच सांगितले होते.

बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, "जाऊ द्या भाऊ. मायं नशीबच खिडकीतलं."

"नशिबाचा संबंध नाही. दुसरा घ्यायचा, पण आधी ऐकून."

"आनखी एक?" ती थांबली. "ह्या महिन्यात हे दोन हेडफोन. म्हंजे मी कामावर काऊन हावो, हेडफोन घ्यासाठी का?"

या प्रश्नाला उत्तर असायला हवे होते ते पुण्याकडे. मी लिहून विचारले की कंपनीने साधन द्यावे, निदान या एका टेबलासाठी. उत्तरात करारातल्या अटीचा क्रमांक आला.

काही दिवसांनी मला माझ्या कामासाठी चंद्रपूरला जायचे होते. निघण्यापूर्वी काय हवे ते आम्ही दोघांनी ठरवले. माईक तोंडापाशी येणारा, दांडीवरचा. कान एकच झाकणारा असला तरी चालेल, उलट बरा, कारण खाली नट कधी सुरू होतो हे तिला ऐकू यायला हवे. उशी कापडी किंवा फोमची, रेक्झिनची नको. हिवाळ्यात ठीक, पण हा हॉल पत्र्याखाली आहे आणि मे महिन्यात रेक्झिन कानाला चिकटते. कॉम्प्युटरला लागणारे छोटे डोंगल सोबत हवे, कारण हॉलमधल्या जुन्या मशीनवर ब्लूटूथ मधूनच सुटे आणि जोडले तर आवाज डब्यातून आल्यासारखा होई. चार्जिंगला लावलेला असतानाही बोलता यावे, वीज गेली तरी दिवस निघावा. आणि पहिल्यापेक्षा निम्म्यात बसावा. गाण्यांबद्दल दोघांनीही काही म्हटले नाही.

चंद्रपूरच्या दुकानदाराला मी सांगितले की हेडफोन दुकानात नाही, बाहेर चौकात ऐकायचे आहेत. त्याने मला वर-खाली न्याहाळले. मग म्हणाला, "मोबाइल इथी ठेवून जा. आनि लवकर करा." मी खिशातला जादाचा साधा फोन त्याच्या काउंटरवर ठेवला, हातातला फोन हेडफोनला जोडला, चौकाच्या कडेला उभा राहिलो आणि वडशाला मुलीला लावला. कोळशाचे ट्रक सिग्नलला उभे होते आणि सगळे हॉर्न वाजवत होते, जणू सिग्नल बहिरा आहे. वडशाच्या खलनायकाला तोडीस तोड आवाज होता.

पहिला कानात बसणारा छोटा बड होता. जाहिरातीत सगळ्यांत जास्त दिसणारा.

"भाऊ, ट्रक आयकू येऊन राह्यला," ती म्हणाली. "तुमी नाई येऊन राह्यले."

दुसरा गळ्यात घालायचा नेकबँड. त्याचा माईक शर्टाच्या कॉलरला घासत होता.

"आता तुमी विहिरीतून बोलून राह्यले. आनि कोनतरी पोतं ओढून राह्यलं."

"ती कॉलर आहे."

"मायी ओढनी राहील मंग. नाई चालत."

तिसरा दोन्ही कान झाकणारा मोठा होता, वडशात घेतलेल्यासारखाच, जरा स्वस्त. तो तिने दोन वाक्यांत नाकारला. चौथा दिसायला सर्वांत कळकट. एका कानाला फोमची उशी, दुसऱ्या बाजूला डोक्याला टेकणारी पट्टी, पुढे वाकवता येणारी दांडी. दुकानदाराने तो मागच्या खणातून, धूळ पुसून काढला होता. गाण्यासाठी कुणी घेत नाही म्हणून तो मागे गेला होता. मी दांडी ओठांच्या कोपऱ्यापाशी आणली, तोंडासमोर नाही, कारण तोंडासमोर आणली की श्वास जातो.

"हां," ती म्हणाली. "हे बरोबर हाय. ट्रक गेला का?"

"समोर उभा आहे. हॉर्न वाजवतो आहे."

"नाई येत. म्हंजे येते, पन दूरून. आठवडी बाजाराच्या पलीकडून आल्यावानी." मग म्हणाली, "घ्या तोच. दिसाले कसा हाय?"

"वाईट."

"चालते. पुन्याले कोनाले दिसते?"

तो वडशातल्या हेडफोनपेक्षा निम्म्याहून कमी किमतीत मिळाला. दुकानदाराने डोंगल जोडून दाखवले, आणि उशी फाटली तर नुसती उशी मिळते हेही सांगितले. ही एवढी साधी माहिती मिळवायला एका मुलीचा आठवड्याचा पगार आणि एका माणसाचा चंद्रपूरचा दिवस गेला. ज्या कंपनीचा धंदाच फोनचा आहे, तिच्यात ही माहिती असलेला एकही माणूस नव्हता, किंवा असला तर त्याला वडशाच्या हॉलबद्दल विचारले गेले नव्हते.

नवा हेडफोन आल्यावर तिचे कॉल स्वच्छ झाले. खलनायक उरला, पण पलीकडच्या गल्लीत. उघड्या कानाने तिला तो ऐकू येई, तेव्हा तिचे थांबणेही परत आले. आवाजाच्या रकान्यात पहिल्यांदा पूर्ण गुण पडले. हॉलमध्ये त्या दिवशी तिने सगळ्यांना आलूबोंडे आणली. तिसरा महिना संपायला थोडे दिवस होते आणि सुपरवायझरही मोकळेपणाने हसला.

त्यानंतरच्या आठवड्यात पुण्याहून नवा शेरा आला: भाषा अशुद्ध. मले, तुमाले, येऊन राह्यले असे शब्दप्रयोग टाळावेत. कॉल नापास.

हेच शब्द ती पहिल्या दिवसापासून बोलत होती. आवाजाखाली ते पुण्यात नीट ऐकू जात नव्हते. आता ऐकू जाऊ लागले. आम्ही साफ केलेल्या कॉलवर आता तिचीच बोली खटकत होती, आणि तीही जणू खालच्या नटाइतकाच अडथळा होती. दवाखान्याने कंपनीला काम दिले ते या दोन जिल्ह्यांतल्या माणसांशी बोलण्यासाठी. कंपनीने इथल्या मुली घेतल्या त्या इथली बोली येते म्हणून, तसे जाहिरातीत छापले होते. मी माझ्या गुणपत्रकावर त्या रकान्यात पूर्ण गुण दिले, कारण लिहिले, आणि जाहिरातीची प्रत सोबत जोडली.

मॅडमनी सगळ्यांचा एकत्र कॉल लावला. हॉलमध्ये स्पीकर ठेवला होता. त्यांनी मुलीचा एक कॉल वाजवला. त्यात ती एका म्हातारीला म्हणत होती, "आजी, तुमाले भेव वाटते का? काई नाई होत. मी हावो ना."

"हे 'हावो ना' काय आहे?" मॅडमनी विचारले. त्या चिडलेल्या नव्हत्या, आवाज सौम्य होता. "आपण एका संस्थेचे प्रतिनिधी आहोत. 'आपणास भीती वाटत आहे का' असे म्हणता येईल."

सुपरवायझर माझ्याकडे पाहत होता. मी बोलणार होतो, पण मुलीने हेडफोनची दांडी खाली केली.

"मॅडम, ते आजी आली दवाखान्यात. डोळा झाला तिचा."

"ते चांगलेच आहे. पण मुद्दा भाषेचा आहे."

"हो जी. पन 'आपणास' म्हनलं का आजी फोन ठेवते. तिले वाटते ब्यांकेतून आला. ठेवू द्यू का मी?"

हॉलमध्ये एकीला खोकल्याचा झटका आला. मग मॅडम म्हणाल्या की हा विषय त्या वर नेतील, आणि वर कोण असते ते त्यांनी सांगितले नाही.

महिना संपला. मुलीला कायम केल्याचे पत्र आले. त्यात एक अट होती. प्रमाण भाषेचे प्रशिक्षण पूर्ण करावे लागेल, ऑनलाइन, शनिवारी कामानंतर, आणि प्रशिक्षणातला गुण कमी पडला तर कायम केल्याचा पुनर्विचार होईल. नंतर कळले की ही अट सातही जणींना लागू केली होती. तिला एकटीला लावली असती तर कुणीतरी कारण विचारले असते.

पहिल्या शनिवारी सातही जणी आपापल्या टेबलाशी बसल्या. मी माझ्या जागी. शिकवायला मॅडम स्वतः होत्या, त्यांच्या घरून. पडद्यावर त्यांच्यामागे पुस्तकांचे कपाट दिसत होते. 'मला' आणि 'मले' यांतला फरक त्यांनी सांगायला घेतला आणि त्यांच्याकडून यंत्राचा कर्कश आवाज सुरू झाला. दगड कापण्याचे यंत्र असावे. त्यांचा शब्द त्यात बुडाला, वर आला, पुन्हा बुडाला. कुकरची शिट्टी झाली. एक लहान मूल काहीतरी मागत होते.

खिडकीजवळच्या मुलीने हात वर केला, मग पडद्यावर हात दिसत नाही हे लक्षात येऊन माईक चालू केला.

"मॅडम, तुमच्याकडून आवाज येऊन राह्यला."

"हो, शेजारी बांधकाम काढलं आहे," मॅडम म्हणाल्या. "काय करणार, माझ्या हातात नाही. जरा समजून घ्या."

"समजून घेतो जी," ती म्हणाली. "पन लिहून ठेवा कुठीतरी, का आमी समजून घेतलं."

मॅडमना यंत्रामुळे हे नीट ऐकू गेले की नाही ते कळले नाही. त्यांनी पुढचे पान लावले. त्या शनिवारच्या वर्गासाठी कुणाला गुण द्यायचे नव्हते, तसे पत्रकच नव्हते. मी एक पत्रक कोऱ्या कागदावर आखले, आवाजाच्या रकान्यात जे ऐकले ते लिहिले आणि रुग्ण आला की नाही हा रकानाही जोडला. सुपरवायझरने ते वाचले, घडी घातली आणि स्वतःच्या खिशात ठेवले. पुण्याला पाठवतो का, असे मी विचारले. त्याने नाही म्हटले नाही. पाठवलेही नाही.

मुलीने प्रशिक्षण पूर्ण केले. गुण चांगले पडले. नोकरी आहे, खोली आहे. मी ते काम सोडले तरी तिचे कॉल कसे जातात ते मला माहीत आहे, कारण शेवटच्या दिवसापर्यंत ते मीच ऐकत होतो. ती दांडी ओठांच्या कोपऱ्याशी आणते आणि पहिले वाक्य वाचून दाखवल्यासारखे म्हणते.

"नमस्कार. आपणास कळविण्यात येते की आपली शस्त्रक्रियेची तारीख निश्चित झाली आहे."

पलीकडून एखादी म्हातारी सावधपणे विचारते, "कोन होय?"

"मीच होय आजी. तेवढं म्हनाच लागते. आता आयका, शुक्रवारची तारीख हाय, आनि एसटी सकाळचीच धरा."